भोक आणि भुसा

सुतारीच्या साऱ्या क्रियांमध्ये भोक पाडण्याच्या क्रियेची उपेक्षा सर्वांत अधिक झाली आहे. रंध्यातून निघणारी लांबलचक साल, पटाशीने बेतलेले कुसू, करवतीची सरळ चाल यांचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. फळीला पडलेल्या भोकाकडे मात्र, ते वाकडे गेले नसेल तर, कोणी वळूनही पाहत नाही. तथापि सागाच्या दोन-तीन इंच जाडीच्या तुकड्यातून अर्धा इंच व्यासाचे भोक सरळ आरपार नेण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला हे ठाऊक असते की यातली खरी अडचण लाकूड कापण्याची नसून कापलेले लाकूड बाहेर काढण्याची असते. करवतीचा भुसा खाली गळतो, रंध्याची साल वर उसळते. भोक पाडणारे पाते मात्र स्वतःच उकरलेल्या बिळात कोंडलेले असते आणि त्याने सोडवलेला प्रत्येक कण त्याच्याच भोवती दाटून बसतो. भुसा दाटला की घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता निर्माण होते, उष्णतेने लाकूड करपते आणि पात्याचे पाणी उतरते. या हत्याराची आजवर जी स्थित्यंतरे झाली, ती बहुतेक सारी या एका अडचणीच्या निवारणार्थ झाली असा माझा समज आहे. आणि हौसेखातर सुतारकाम करणाऱ्या गृहस्थाने पाते निवडताना किंवा त्याला धार लावताना हा इतिहास ध्यानात ठेवला, तर त्याचा पैसा वाचेल आणि थोडेफार लाकूडही.

वेध घेण्याच्या साधनांचे प्राचीनत्व मोठे आहे. बोलन घाटाच्या पायथ्याशी असलेल्या मेहरगढ येथील उत्खननात सुमारे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ व्यक्तींचे सांगाडे असे मिळाले की, ज्यांच्या मिळून अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने व्यवस्थित भोके पाडलेली होती. त्याच वस्तीत मणी घडवण्याचा धंदा भरभराटीत असल्यामुळे, मण्यांना वेज पाडणाऱ्या कारागिरांचेच कसब दाढांच्या कामी आले असावे असा तज्ज्ञांचा तर्क आहे. लाकडाच्या बाबतीत याहून स्पष्ट दाखला ईजिप्तचा. थीब्ज येथील रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातल्या भित्तिचित्रांमध्ये, सुतारांच्या कारखान्यातला एक कारागीर कमानीच्या सामत्याने आसनाला भोके पाडताना रंगवलेला आहे. त्या चित्रातली कमान आणि आपल्याकडच्या सुताराच्या हातात अगदी परवापरवापर्यंत दिसणारी कमान यांच्यात मुख्य बाबतीत भेद नाही.

सामत्याची रचना अशी. एक गोल लाकडी कांडे, त्याच्या खालच्या टोकात ठोकलेले चपटे, भाल्याच्या फाळासारखे निमुळते पोलादी पाते, वरच्या टोकावर डाव्या हाताने दाबून धरायची सुटी टोपी. आणि कांड्याला दोरीचा किंवा चामड्याच्या वादीचा एक वेढा देऊन ती ज्या कमानीला ताणून बांधली आहे ती कमान उजव्या हातात. कमान पुढे रेटली की कांडे एका दिशेने फिरते, मागे ओढली की उलट दिशेने. पाते दोन्ही दिशांनी फिरणार असल्यामुळे त्याच्या दोन्ही कडा सारख्याच घासाव्या लागतात. कोणत्याही एका दिशेला साजेल अशी तीक्ष्ण, तिरपी धार त्याला देता येत नाही. परिणामी ते लाकूड कापण्याऐवजी खरवडते आणि पिठासारखा भुसा पाडते. मोठे काम असले म्हणजे कमानीऐवजी लांब वादी घेऊन तिची दोन टोके दोन माणसांनी आळीपाळीने ओढावयाची आणि तिसऱ्याने कांडे दाबून धरावयाचे, असाही प्रघात होता. होमरच्या ‘ओडिसी’त एकाक्ष राक्षसाचा डोळा फोडण्याच्या वर्णनात उपमेसाठी जो जहाजबांधणीतला सुतार येतो, तो नेमका असाच वादीने सामता फिरवून घेणारा आहे, आंधळ्या कवीला कारखान्यातली ही बारीक खूण ठाऊक होती, याचे मला नेहमी नवल वाटते.

सामत्याला हिणवण्याचे मात्र कारण नाही. बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावचा लोहार ज्या चपट्या पात्याला ऐरणीवर घडवीत असे, त्याला कानशीचे चार हात मारले की धार येई. पाते मोडले तर दुसरे घडवण्यास सुगीची वाट पाहावी लागत नसे. खिळ्यापूर्वी पाडावयाचे सूत-दीड सूत व्यासाचे भोक, शिसवीसारख्या कठीण लाकडातले खुंटीचे भोक, एवढ्या मर्यादेत त्याची कामगिरी निर्दोष होती. त्याची मर्यादा खोलीची आणि रुंदीची होती. भोक बोटभर खोल गेले की भुसा वर येण्याचे थांबे, कांडे जड चाले, आणि करपल्याचा वास येऊ लागे. म्हणून मोठी भोके सुतार किंकऱ्याने आणि पटाशीने कोरून काढीत; आणि काही पेशांमध्ये तर करपण्याचीच पद्धत करून टाकण्यात आली. बासरी करणारे कारागीर बांबू उभा चिरण्याच्या भयाने पात्याच्या वाटेला न जाता लाल तापलेल्या सळईने स्वरांची भोके जाळून पाडतात, ते यामुळेच.

करपण्याच्या या दोषाची एक जुनी, स्पष्ट लिखित तक्रार एका शेतीतज्ज्ञाने केली आहे, हा इतिहासातला एक गमतीचा योगायोग होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन ग्रंथकाराने कृषिकर्मावर एक विस्तृत ग्रंथ लिहिला. त्यात द्राक्षवेलीच्या खोडाला भोक पाडून त्यात कलमकाडी बसवण्याची रीत सांगताना त्याने बजावले आहे की, जुन्या पद्धतीच्या सामत्याने भोक करपते आणि भुशाने भरते, व करपलेल्या भोकात बसवलेली काडी क्वचितच जीव धरते. याकरिता गॉल मुलखातले म्हणून ओळखले जाणारे गिरमिट घ्यावे, कारण ते जाळत नाही, आणि भुशाऐवजी ढलप्या काढते. सगळ्या विषयाचे मर्म या एका वाक्यात आलेले आहे. भुसा म्हणजे खरवडलेले लाकूड. ढलपी म्हणजे कापलेले लाकूड. आजही पाते बोथट झाले की नाही हे ओळखण्यास याहून सोपी परीक्षा नाही: चालू भोकातून वर येणारा माल चिमटीत धरून पाहावा, पीठ लागले तर धार गेली, कुरळी साल लागली तर शाबूत आहे. कोलुमेलाचा समकालीन प्लिनी याने तर करवत, कुऱ्हाड, ओळंबा, सरस यांच्याबरोबर गिरमिटाचेही जनकत्व डीडॅलस या पुराणपुरुषाला देऊन टाकले आहे. पण पुराणपुरुषांच्या नावे अशा नोंदी सर्वच देशांत होतात.

गॉलमधले ते गिरमिट कसे होते हे आज नक्की सांगता येत नसले, तरी त्यानंतरच्या हजार वर्षांत युरोपात जे पाते रूढ झाले त्याचे नमुने उपलब्ध आहेत. 1936 साली स्वीडनच्या गॉटलंड बेटावर एका शेतकऱ्याच्या नांगराला वाइकिंग काळातली ओकची पेटी लागली. मास्टरमिर या पाणथळ जागेतल्या त्या पेटीत लोहार-सुताराचा सारा सरंजाम निघाला, आणि त्यात चमच्याच्या आकाराची गिरमिटाची पातीही होती. चमच्याची एक कड एकाच दिशेने कापते, आणि त्याच्या पोकळीत ढलप्या साठतात. साठतात एवढेच, बाहेर येत नाहीत. ठराविक फेऱ्यांनंतर गिरमिट उपसून झटकावे आणि पुन्हा घालावे, हा क्रम चुकत नाही. गिरमिटाच्या या कष्टांची कल्पना जहाजबांधणीवरून येते. सुरतेहून 1736 साली मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची जी जंगी जहाजे बांधली, त्यांपैकी 1817 सालचे ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्याच्या जाडजूड बरगड्या आणि तक्ते ज्या असंख्य बोल्टांनी एकत्र धरले आहेत, त्या प्रत्येक बोल्टासाठी कोणीतरी गिरमिट फिरवले आहे. साग या कामात मोठा कृतघ्न आहे. त्याच्या तेलकटपणामुळे लोखंडाला गंज कमी लागतो, म्हणून जहाजाला तो उत्तम. पण त्याच्या गाभ्यात वाळूचाच घटक असलेले सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, आणि ते पात्याची धार ओकापेक्षा किंवा देवदारापेक्षा कितीतरी लवकर खातात.

मध्यंतरी एक सुधारणा पात्यात न होता ते फिरवण्याच्या साधनात झाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, ‘क्लॉयस्टर्स’ नावाच्या शाखेत, रोबेर कांपँ आणि त्याच्या चित्रशाळेने 1430 च्या आसपास रंगवलेला त्रिपुट आहे. त्याच्या उजव्या फळीवर संत जोसेफ आपल्या सुतारखान्यात बसून एका पाटाला ओळीने भोके पाडीत आहे, आणि त्याच्या हातात ब्रेस आहे: वाकडा दांडा, ज्याचे डोके छातीने किंवा तळहाताने दाबून मधला भाग गोल फिरवला की पाते अखंड एकाच दिशेने फिरत राहते. कमानीची मागे-पुढे येरझार संपली. अखंड एकदिश गती मिळाल्यावर पात्याला एकाच बाजूची खरी धार देणे अधिकच फायद्याचे ठरले. आणि पुढची सारी प्रगती या वाकड्या दांड्याच्या उपकारांवर उभी आहे. 1678 पासून हप्त्याहप्त्याने आपला हस्तव्यवसायांचा ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या जोझेफ मॉक्सनने सुताराच्या अवजारांत त्याची रीतसर नोंद केली आहे.

ढलपी आपोआप बाहेर यावी यासाठी पात्याच्या अंगाला पीळ देण्याची कल्पना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आली, आणि तिला परिपक्व रूप मिळाले ते अमेरिकेतल्या कनेक्टिकट संस्थानात. 1809 साली एझ्रा लोमेद्यू याने दुहेरी पन्हळीच्या, टोकाला मळसूत्र असलेल्या गिरमिटाचे पेटंट घेतले. आणि 1855 साली त्याच मुलखातल्या डीप रिव्हर गावच्या रसेल जेनिंग्जने दुहेरी पिळाच्या पात्याची सनद मिळवली, जी पुढे शंभर वर्षे जगभरच्या सुतारांनी प्रमाण मानली. जेनिंग्जचे पाते म्हणजे चार वेगवेगळ्या कामगारांची एक तुकडीच म्हणावी लागेल. सर्वांत पुढे बारीक मळसूत्र. ते लाकडात स्वतः शिरून मागच्यांना ओढून घेते, त्यामुळे दाब द्यावा लागत नाही. त्याच्या मागोमाग परिघावरचे दोन उभे दात. ते भोकाच्या सीमेवरचे तंतू आधीच छेदून ठेवतात, म्हणून भोकाच्या तोंडाशी लाकूड उपसत नाही. मग दोन आडव्या धारा, ज्या आतले लाकूड रंध्याप्रमाणे सोलून काढतात; आणि शेवटी पिळाच्या पन्हळी, ज्यांतून साल चढत चढत बाहेर येते. कोलुमेलाने मागितलेली गोष्ट यात सुमारे अठराशे वर्षांनी सर्वांगांनी पुरी झाली.

या पात्यांवर मापाचे आकडे सोळाव्या भागात कोरलेले असत. आठचा आकडा म्हणजे अर्धा इंच, आपल्या सुतारांच्या भाषेत चार सूत. चारपासून सोळापर्यंतच्या तेरा पात्यांचा संच दुकानदार ‘साडेबत्तीस पावांचा’ म्हणून विकत, ही त्या व्यापारातली एक चमत्कारिक रूढी. पण बेरीज करून पाहिली तर एकशे तीस सोळांश म्हणजे बरोबर साडेबत्तीस पाव इंच भरतात. टोकाच्या मळसूत्राचे आटे दाट की विरळ हेही पाहून घ्यावे लागे: दाट आटे सावकाश ओढतात, ते सागासारख्या कठीण लाकडाला आणि कपाटाच्या कामाला, विरळ आटे देवदारासारख्या मऊ, चिकट लाकडाला. पुढे 1885 च्या सुमारास ओहायओ संस्थानातल्या चार्ल्स अर्विन नावाच्या औषधविक्रेत्याने, एका लोहाराकडून हक्क विकत घेऊन, मध्यभागी भरीव गाभा आणि त्याभोवती एकेरी पीळ असलेले पाते बाजारात आणले; ते अधिक मजबूत होते, आणि ओल्या लाकडाची ओबडधोबड साल त्यातून सहज निघे.

धातूसाठीचे पिळाचे पाते, जे आज प्रत्येक घरच्या खोक्यात असते, त्याची जन्मकथा मात्र लाकडाशी संबंधित नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरी बंदुका करण्याचा एक कारखाना होता. बंदुकीच्या दारूपर्यंत ठिणगी पोचवणाऱ्या निपलला आरपार भोक पाडण्यासाठी पिळाची पाती लागत, आणि ती पाती करण्याची रीत अशी की, कामगारांनी पोलादी सळई घेऊन गोल कानशीने हातांनी तिच्यात सर्पिल पन्हळ घासत बसावे. कारखान्याचा अधिकारी फ्रेडरिक हाउ याला हा विलंब आणि खर्च असह्य झाला. त्याने आपली अडचण जोझेफ ब्राउन या यंत्रज्ञापुढे मांडली, आणि ब्राउनने त्यावर उपाय म्हणून जे यंत्र रचले, तेच 1862 सालचे सार्वत्रिक मिलिंग यंत्र, ज्याने पुढे साऱ्या यंत्रविद्येचा चेहरा बदलला. दुसऱ्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीफन मोर्सने पिळाच्या पात्याचे पेटंट घेतले, आणि 1864 साली न्यू बेडफर्ड येथे त्याच्या नावाने कारखाना निघाला.

हे मोर्सचे पाते लाकडात चालते, पण ते उसने आणलेले आहे याची जाणीव ते पदोपदी करून देते. त्याचे बोथट शंक्वाकार टोक सुमारे 118 अंशांत घासलेले असते. लाकडाच्या पृष्ठावर ते रेषेप्रमाणे सरकते, कठीण वलयाला टेकले की मऊ वलयाकडे वाहवते, आणि परिघाचे तंतू छेदण्यापूर्वी मध्य पोखरत असल्यामुळे भोकाची कड ओरबाडते. म्हणून याच पात्याच्या टोकाला मधोमध एक बारीक अणी आणि कडेला दोन टोके घासून लाकडाचे वेगळे पाते तयार झाले. हौशी माणसाने बारीक भोकांसाठी तेवढेच घ्यावे. धातूच्या पात्यांवर भागवण्याची काटकसर फळीच्या पृष्ठावर कायमची दिसत राहते.

बेंजामिन फोर्स्टनर हा बंदूककार होता. ओरेगनमधल्या सेलम येथून 1874 साली त्याने ज्या पात्याचे पेटंट घेतले, त्याला ना मळसूत्र ना पीळ. केवळ एक धारदार कडे आणि आत दोन आडव्या धारा. कड्याच्या आधाराने चालत असल्यामुळे ते कोनात, फळीच्या कडेवर, अर्धे हवेत आणि अर्धे लाकडातही भोक पाडते, आणि भोकाचा तळ सपाट ठेवते. आज स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या लपवलेल्या बिजागऱ्यांसाठी 35 मिलिमीटरचे जे खळगे पाडतात, ते याच कुळातल्या पात्याने. परंतु फोर्स्टनरला ढलप्यांचा विसर पडला. त्याच्या पात्यात त्यांना वाट नाही. दर काही क्षणांनी ते वर उचलले नाही तर निळे पडते, आणि साध्या कार्बनी पोलादाचे पाते एकदा निळे पडले की त्याचे पाणी गेलेच. टेलर आणि व्हाइट या संशोधकांनी अमेरिकेतल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात सिद्ध करून 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात दाखवलेले हायस्पीड पोलाद जवळजवळ लाल होईतो कठीण राहते. त्यामुळे निष्काळजी माणसाला क्षमा मिळाली, लाकडाला मिळाली नाही.

विजेच्या ड्रिलचा वृत्तांत थोडक्यात उरकतो, कारण तो मुख्यतः गतीचा आहे. मेलबर्न येथे 1889 साली पहिले पेटंट, स्टुटगार्टच्या फाइन बंधूंचे हाती धरण्याजोगे यंत्र 1895 साली, आणि बॉल्टिमोरच्या ब्लॅक व डेकर यांनी त्याला पिस्तुलाची मूठ आणि घोडा बसवून 1917 साली मिळवलेली सनद. 1946 नंतर हे यंत्र घराघरांत शिरले, आणि जेनिंग्जची पाती निराधार झाली. कारण मळसूत्री टोक वेगाने फिरले की लाकडाला असे ओढते की एक तर पाते अडकते, नाही तर मनगट मुरगळते. त्यांच्या जागी चपटे, मधोमध अणी असलेले फावड्यासारखे स्वस्त पाते आले. ते खरवडते, भुसा उडवते, करपवते. गतीच्या जोरावर सामत्याच्या पात्याचे पुनरागमन झाले, आणि कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जेनिंग्ज घराण्याची पाती अजून रद्दी लोखंडाबरोबर पडलेली आढळतात. त्यांची परीक्षा करण्यास फार विद्या लागत नाही. काचेवर पाते लोळवून पाहावे. टोक डगमगले तर दांडा वाकला आहे. मळसूत्राचे आटे शेवटच्या अणीपर्यंत शाबूत हवेत, कारण ते झिजले की पाते ओढत नाही आणि त्यावर इलाज नाही. उभे दात निम्म्याहून अधिक घासले गेले असतील तर पाते परत ठेवावे. गंजाला भिऊ नये. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून तारेच्या ब्रशने घासले की तो निघतो, आणि पावसाळ्यापूर्वी शिलाई यंत्राच्या तेलाचा हात फिरवून, डब्यात एकमेकांवर आपटू न देता, कापडाच्या कप्प्यांत गुंडाळून ठेवले की पुन्हा येत नाही. पन्हळीत साठलेला डिंक मात्र धार लावण्यापूर्वी काढावा. पुष्कळदा पाते बोथट झाले अशी जी ओरड होते, तिचे कारण हा डिंकच असतो.

धार लावण्याचे शास्त्र दोन नियमांत आहे: पहिला व्यास जपण्यासाठी, दुसरा धारेमागचा उतार जपण्यासाठी. उभ्या दातांना कानस फक्त आतल्या अंगाने लावावी. बाहेरून लावली की दातांनी आखलेले वर्तुळ पात्याच्या अंगापेक्षा लहान होते, आणि पाते आपल्याच भोकात रुतून बसते. आडव्या धारांना कानस वरच्या, म्हणजे दांड्याकडच्या बाजूने लावावी. खालून घासली तर धारेमागचा उतार नाहीसा होतो, मग मळसूत्र कितीही ओढो, धार लाकडाला टेकतच नाही. दोन्ही धारांवर कानशीचे हात सारखे मारावेत, नाही तर एकच धार काम करते आणि दुसरी मिरवते. या कामासाठी पूर्वी एक खास कानस मिळे, जिच्या एका टोकाला फक्त कडांवर दात असत आणि दुसऱ्या टोकाला फक्त पृष्ठांवर, जेणेकरून एक जागा घासताना शेजारची जागा दुखावू नये. ती मिळाली नाही, तर मुंबईच्या नागदेवीतल्या दुकानातून बारीक दातांच्या दोन चपट्या कानशी आणाव्यात, आणि एकीच्या कडा व दुसरीचे पृष्ठ सहाणेवर घासून गुळगुळीत करून घ्यावे.